पायरीवरचा पितळी खिळा

माझे सासरे एकतीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला एकच गोष्ट मोजत आले आणि रोज एकच उत्तर घेऊन घरात आले. उत्तर होतं शून्य. त्यामुळे धक्क्यावर त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे शून्यकाका म्हणायचे आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. कुणी विचारलं, "काय काका, आज किती?" की मान ताठ करून सांगायचे, "शून्य." मुलगी पहिली आल्याचं सांगावं तसं.

मोजायची होती धक्क्याची भिंत. खाडीच्या काठाने जुनी दगडी भिंत, तिच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला भराव घालून केलेली जमीन. जमिनीवर ऑफिस, गोदाम आणि कर्मचाऱ्यांच्या सहा घरांची ओळ, पाण्याकडून गावाकडे जाणारी. भिंतीचं काम एवढंच, की जमीन पाण्यात जाऊ द्यायची नाही. आणि सासऱ्यांचं काम एवढंच, की भिंत पुढे सरकत नाही ना हे बघायचं. हुद्दा मोजणीदार. ते कामावर आले त्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी ओळीतल्या पहिल्या घराच्या पायरीत एक पितळी खिळा ठोकला, भिंतीच्या माथ्यावर छिन्नीने एक खूण केली आणि सांगितलं, खिळ्यापासून खुणेपर्यंत रोज टेप लावायची. बारा मीटर चाळीस सेंटीमीटर. त्यात जो फरक पडेल तो वहीत लिहायचा. ते पहिलं घर आमचं.

'आमचं' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते, कारण मी घरजावई. लग्नानंतर जागा मिळेपर्यंत दोन आठवडे राहायला आलो होतो, त्याला सहा वर्षं झाली. घरजावयाला टोमणे ऐकावे लागतात म्हणतात. मला कुणी एक शब्द ऐकवला नाही, आणि हे जास्त लागतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सासऱ्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जावईबापू, जरा खिळ्यावर शून्य धरता का?" मी धरलं, ते आजतागायत. त्याआधीची पंचवीस वर्षं ते टोक सासूबाईंनी पायरीवर उकिडवं बसून धरलं होतं आणि त्यात त्यांचे गुडघे कामातून गेले होते. मी आल्याचा घरात सगळ्यात जास्त आनंद त्या गुडघ्यांना झाला.

आता त्या घराचं सांगतो. घर कललेलं होतं. टेबलावर पेन्सिल ठेवली की ती आपली आपण खिडकीकडे, म्हणजे पाण्याकडे निघायची. चहाचा कप भरायचा तो एका काठापर्यंतच. पहिल्या आठवड्यात मी पलंगावरून दोनदा पडलो. बायको म्हणाली, "होईल सवय," आणि झाली. प्रत्येक पलंगाच्या, कपाटाच्या आणि टेबलाच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी होत्या. सासूबाई दर वर्षी पलंगाखाली जरा जाड पाचर तासून घालायच्या आणि जुनी डब्यात टाकायच्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, घर पाण्याकडे झुकलंय." ते चहाचा घोट घेत म्हणाले, "कसं झुकेल? भिंत शून्य आहे." झालं, मिटला विषय.

ओळीच्या मागे गल्ली होती आणि गल्लीत एक भेग. दर वर्षी ती बोटभर रुंद व्हायची आणि दर वर्षी रस्त्यावरची माणसं येऊन ती डांबराने बुजवून जायची. सासऱ्यांनी तिचाही नीट विचार करून ठेवला होता. भिंत जागेवर आहे, खिळा जागेवर आहे, मग सरकत असेल तर गावच मागे सरकत असणार. तसं त्यांनी रस्ते विभागाला लेखी कळवलंही होतं: गाव पाण्यापासून दूर चालले आहे, कृपया लक्ष घालावे. रस्ते विभागाचं उत्तर आलं की बाब विचाराधीन आहे. ते पत्र त्यांनी कपाटात जपून ठेवलं होतं, आणि मी त्यावर हसलो म्हणून बायको माझ्याशी दिवसभर बोलली नव्हती.

मग एके दिवशी भिंतीने पोट काढलं. माथ्याखालचा मधला भाग फुगून बाहेर आला आणि दोन दगड पाण्यात पडले. सासऱ्यांनी त्या सकाळी टेप तीनदा लावली. तिन्ही वेळा बारा मीटर चाळीस. वहीत शून्य लिहिलं, पण हात जरा रेंगाळला. मी पायरीवरून पाहिलं.

वरून इंजिनीअरबाई आल्या. तिशीच्या असतील, पायात गमबूट. त्यांनी आपलं यंत्र तिपाईवर चढवून गावामागच्या कातळावर नेलं आणि तीन दिवस तिथूनच डोळा लावून बसल्या. चौथ्या दिवशी आमच्या पायरीवर येऊन बसल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "काका, टेप कुठून लावता?"

"या खिळ्यापासून."

"आणि खिळा कशावर आहे?"

"पायरीवर."

"पायरी?"

"घराला लागून आहे."

"आणि घर?"

"जमिनीवर," सासरे म्हणाले.

"काका, जमीन सरकलीय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एकेचाळीस सेंटीमीटर, पाण्याकडे. भिंत, घर, खिळा, सगळं बरोबरच गेलंय. म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही."

"म्हणजे मी पण?"

"तुम्ही पण."

सासऱ्यांनी खाली वाकून आपल्या चपलांकडे पाहिलं. माझे कान तापले. सहा वर्षं त्या खिळ्यावर शून्य धरून बसलेला गाढव मीच होतो. हिशेब केला तर त्या एकेचाळीसातले आठ माझ्या कारकिर्दीतले निघत होते.

बाई गेल्यावर सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "तुला माहीत होतं?" सासूबाईंनी फळीवरचा डबा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. आत तीस पाचरी होत्या, पातळ ते जाड. "मग सांगितलं का नाहीस?" त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज इतके खुशीत आत यायचात. त्यात मी कशाला पाचर मारू?" आणि भाजी चिरायला लागल्या. सासरे बराच वेळ त्या पाचरी एकेक करून काढून बघत होते. मला त्यांची फार कीव आली, आणि कीव आली की माझं डोकंच फिरतं, म्हणून मी बाहेर जाऊन बसलो.

पुढचं प्रकरण ऑफिसातलं. आमच्या मोठ्या साहेबांची खुर्ची चाकांची. ती खिडकीकडे पळू नये म्हणून त्यांनी ती सुतळीने कपाटाच्या कडीला बांधून ठेवली होती. त्या बांधलेल्या खुर्चीत बसून ते बाईंना म्हणाले, "भिंत सरकलीय याला पुरावा काय? वहीत शून्य आहे."

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. भिंत पस्तीस सेंटीमीटरच्या आत सरकली असेल तर जमिनीत भोकं पाडून सिमेंटचं पाणी दाबून भरायचं, भिंतीला डागडुजी करायची, घरं आहेत तिथेच राहतात. पस्तीसच्या वर गेली असेल तर जुनी भिंत काढायची, लोखंडी जाड पत्रे खोल ठोकून नवी उभी करायची आणि ती मागून लांब गजांनी काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधायची. ते ठोकळे नेमके येतात ओळीतल्या पहिल्या घराच्या जागी. म्हणजे पहिलं घर पाडावं लागणार.

"वहीबाहेरचा आकडा मला दिसत नाही," साहेब म्हणाले. "मोजणीदारांनी वहीत लिहावा. चौतीस लिहोत, एकेचाळीस लिहोत, मी सही करतो."

"चौतीस लिहिलं तर काम चौतीसाचं होईल," बाई म्हणाल्या, "आणि भिंत एकेचाळीसाची पडेल. ओळीसकट."

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "दुसऱ्याने मोजलेलं मी वहीत लिहीत नाही. मी मोजून लिहीन. मला फक्त न हलणारं काहीतरी द्या."

दोन दिवस ते खिशात टेप घालून न हलणारं काहीतरी शोधत गावभर फिरले. पाण्याच्या टाकीला हात लावून उभे राहिले. बँकेच्या तिजोरीची चौकशी केली. मुख्याध्यापकांना विचारलं, "तुम्ही इथून हलणार तर नाही ना?" तर त्या बिचाऱ्यांना वाटलं बदलीची बातमी फुटली, आणि ते दुपारपर्यंत जेवले नाहीत. शेवटी गोदामाच्या एका कोपऱ्यात सापडली तार. लाकडी रिळावर गुंडाळलेली बारीक पोलादी तार, एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला पितळी बिल्ला, आणि बिल्ल्यावर कोरलेलं: कातळ ते भिंत. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्याच साहेबांनी कातळावरच्या खुणेपासून भिंतीवरच्या खुणेपर्यंत ती बरोब्बर मापून घेतली होती. रोज तीनशे मीटर तार कोण ओढणार, म्हणून सोयीसाठी पायरीवर खिळा ठोकला. सोयीने घात केला तो असा.

आता तार पुन्हा ताणायची, आणि बिल्ला भिंतीवरच्या खुणेला जेवढा कमी पडेल तेवढं सरकणं. सोपं आहे. फक्त त्या साहेबांच्या वेळी मध्ये मोकळं मैदान होतं आणि आता तिथे गाव होतं. तार सरळ हवी, वळसा चालणार नाही. म्हणून ती झेरॉक्सच्या दुकानातून शिरली, शाळेच्या सातवीच्या वर्गातून गेली, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीवरून, न्हाव्याच्या दोन आरशांच्या मधून, आणि मग आमच्या ओळीतल्या सहाही घरांच्या खिडक्यांतून आत-बाहेर करत भिंतीवर निघाली. झोळ पडू नये म्हणून दर दहा मीटरवर बाईंनी एकेक माणूस स्टुलावर उभा केला. डॉक्टरांनी तोंड उघडून बसलेल्या पेशंटला तसंच बसवून ठेवलं, आणि त्याने वर हात करून तार तोलली. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून बाकीची मोजणीनंतर करू म्हणून सांगितलं. तेही तार धरून उभं राहिलं, अर्ध्या गालाला फेस तसाच.

कातळावर कोण उभं राहणार हा प्रश्नच नव्हता. शून्य धरायचं म्हणजे मी.

निघताना बायको दारात आली. ती याच घरात जन्मली. याच उतारावर रांगायला शिकली. म्हणते की मी आधी पाण्याकडे रांगले आणि मग उलट यायला शिकले. ती माझ्या शर्टाचं बटण उगाच लावत म्हणाली, "शून्य तुझ्याच हातात असणार ना?"

"हो."

"सात सेंटीमीटरचा, चार बोटांचा प्रश्न आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

कातळावर जुन्या साहेबांची खूण होती, पहार मावेल एवढं भोक. तारेच्या कडीत पहार घालायची आणि भोकात रोवून दोन्ही हातांनी घट्ट धरायची. आणि त्या भोकाच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, बरोबर चार बोटांवर एक भेग होती. तीतही पहार मावत होती. मी तिच्यात रोवली. खोटं कशाला सांगू, फार वेळ विचारही केला नाही. सहा वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचं घर वाचत होतं, आणि वाचवणारा मी, फुकटचा जावई. मला बरंच वाटलं. अभिमान म्हणावा इतकं.

खाली तार ताणली गेली. पहार कुरकुरली. सगळ्या गावाची कुजबूज थांबली. मी वाट बघतोय, आता आकडा येईल, मग येईल. खिशात फोन वाजायला लागला, पण दोन्ही हात पहारीवर. तो वाजून वाजून थांबला. मग खालून आवाज यायला लागले. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. आमच्या ओळीतून न्हाव्याकडे, तिथून डॉक्टरांकडे. पेशंटने तोंड उघडं ठेवूनच पुढे सांगितलं, ते शाळेत कुणालाच कळलं नाही, म्हणून डॉक्टरांनी खिडकीतून पुन्हा सांगितलं. शेवटी झेरॉक्सवाला कातळाच्या पायथ्याशी येऊन म्हणाला, "काका विचारतायत, शून्य नीट धरलंय का? जावईबापू म्हणतील तेच लिहीन म्हणाले."

सहा वर्षं मी खिळ्यावर टेप धरली आणि ती खोटी निघाली, पण त्यात माझा दोष नव्हता, मला कुठे ठाऊक होतं. आता ठाऊक होतं. आणि खाली तो म्हातारा, ज्याने आयुष्यात एक आकडा स्वतःच्या मनाने लिहिला नाही, तो माझ्या एका शब्दावर लेखणी धरून उभा होता. मला बायकोचा राग आला, त्याचा आला, त्या भेगेचाही आला. असला विश्वास कुणी टाकावा का माणसावर? मी सगळा जीव लावून पहार उपसली आणि मागे भोकात नेऊन रोवली. तारेला असा हिसका बसला की न्हाव्याच्या फळीवरच्या तीन बाटल्या फुटल्या, हे मला नंतर कळलं. "सांग त्यांना," मी म्हटलं, "नीट धरलंय."

उत्तर तसंच तोंडातोंडी परत आलं. एकेचाळीस.

सासऱ्यांनी त्या संध्याकाळी वहीत 'फरक' या रकान्यात एकेचाळीस लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं: यापूर्वीची सर्व शून्ये पायरीसह सरकलेली आहेत. साहेबांनी बांधलेल्या खुर्चीतून सही केली. बायको माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "सामान कधी हलवायचं?" मी म्हटलं, "रविवारी." तेवढंच.

घर एका दुपारीत पडलं. मला वाटलं होतं जास्त वेळ लागेल. आम्ही शाळेमागे दोन खोल्या घेतल्या, सपाट. सवयीने पाचरीही आणल्या होत्या आणि सासूबाईंनी त्या सवयीने लावल्या. पहिल्याच दिवशी दुपारी जरा पडलो तर मी पलंगावरून पडलो, या वेळी दुसऱ्या बाजूला. चहा काठोकाठ भरायला लागला आणि रोज सांडायला लागला. सासरे खोलीत चालताना अजून एका अंगाला रेलायचे, पाण्याकडच्या.

नवी भिंत उभी राहायला दहा महिने लागले. लोखंडी पत्रे ठोकले, गज ताणले, जमिनीत सिमेंटचं पाणी भरलं, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या जागी काँक्रीटचा ठोकळा बसला. मोजणीचं यंत्र कातळावर कायमचं बसवलं. सासऱ्यांचा त्या महिन्यात शेवटचा दिवस होता. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब भाषणात म्हणाले, की हे गृहस्थ एकतीस वर्षं आपल्या जागेवरून तसूभर हलले नाहीत. सासऱ्यांनी मध्येच हात वर करून दुरुस्ती केली.

तिथून परत येताना आम्ही दोघं नव्या भिंतीवर टेकलो. त्यांच्या हातात तो पितळी खिळा होता. पायरी फोडणाऱ्यांकडून मागून घेतलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी कातळावर मी..."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "बिल्ला माझ्या डोळ्यांसमोर होता. आधी चौतीस आलं. मी टेपवर दोनदा पाहिलं. म्हटलं, वाचलं घर."

"मग लिहून का नाही टाकलंत? विचारलंत कशाला?"

ते खिळा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. मग म्हणाले, "एकतीस वर्षं विचारायचं राहूनच गेलं होतं."

घरी पोचलो तर सासूबाई पलंगाखालची शेवटची पाचर काढत होत्या आणि बायको दुसरी बाजू उचलून धरून उभी होती. ती मला म्हणाली, "बघत काय बसलायस, धर ना." मी धरलं.